रंग डोक्यात धरून बाजारात जाताना

ठाण्याच्या नौपाड्यात माझ्या वहिनीचं मॅचिंग सेंटर आहे, म्हणजे साडीला जुळणारं ब्लाउजचं कापड, अस्तर, दोरा मिळणारं दुकान. संध्याकाळचे चार तास मी तिथे काउंटरवर असते. गेल्या नवरात्राच्या आधी एक काकू आल्या. "टू बाय टूमध्ये रामा दाखवा." टू बाय टू म्हणजे ब्लाउजचं सुती कापड, आणि रामा म्हणजे निळा-हिरवा यांच्या मधला रंग. साडी घरी, कपाटात. वहिनीने रामाचे पाच तागे काढले. पहिला बघताच काकू म्हणाल्या, "हाच. नाही, थांबा, याहून जरा हिरव्यावर होता." दुसरा उलगडला, तिसरा उलगडला. चौथ्याला त्यांनी डोळे बारीक केले. पाचव्याला हात टेकले. "अहो, घरून निघाले तेव्हा अगदी डोळ्यांसमोर होता. आता काहीच आठवेना." शेवटी तिसऱ्या ताग्यातलं कापड घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी बदलायला परत आल्या.

काकूंची स्मरणशक्ती चांगली आहे. माझ्या मुलीच्या लग्नात कोण कुठे बसलं होतं हे त्या अजून सांगतात. त्यांच्या डोक्यातला रामा आम्ही पुसला, पाच तागे एकामागून एक समोर टाकून.

हे ठामपणे लिहिते, कारण त्याआधी २१ वर्षं मी रबाळ्याच्या एमआयडीसीत छपाईच्या शाईच्या एका कारखान्यात शेड मॅचिंग केलं, म्हणजे शाईचा रंग ठरलेल्या नमुन्याशी जुळवायचं काम. पहिल्याच वर्षी माझ्या हातून चूक झाली. लाइट बॉक्समध्ये, म्हणजे ठरावीक उजेडाच्या पेटीत, जांभळ्याचं स्टँडर्ड (मूळ नमुना) पाहिलं, ते तिथेच ठेवलं आणि मशीनवरचा प्रूफ, म्हणजे छापून काढलेला नमुना, बघायला चालत गेले. वाटेत पिवळ्या आणि केशरी शाईचे उघडे डबे ओळीने मांडलेले. मशीनपाशी पोचले, प्रूफ पाहिला, "ओके" म्हणाले. बॅच लाल गेली होती, म्हणजे जांभळा लालकडे झुकला होता. दोन्ही शेजारी ठेवले असते तर शिकाऊ मुलालाही दिसला असता इतका फरक. अंतर जेमतेम चाळीस पावलांचं, पण तेवढ्यात डोळ्यांनी काय काय पाहिलं याचा हिशेब मी धरलाच नव्हता. ती बॅच वाया गेली, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही.

डोक्यात एका वेळी किती रंग मावतात

१९९७ साली अमेरिकेतल्या स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल या दोन संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक साधा प्रयोग छापला. पडद्यावर रंगीत चौकोन सेकंदाच्या दहाव्या भागापुरते दाखवायचे, मग जवळजवळ सेकंदभर पडदा कोरा, मग पुन्हा चौकोन. विचारायचं एवढंच की एखाद्याचा रंग बदलला का. तीन चौकोनांपर्यंत माणसं क्वचितच चुकली. चारपासून चुका वाढायला लागल्या, आणि बारा चौकोन असले की बराचसा अंदाजपंचे कारभार. म्हणजे नजरेची तात्पुरती आठवण तीन-चार रंगांची. काठ, पदर, बुट्टी आणि अंग असे चार रंग "लक्षात ठेवून" निघालेली बाई घराच्या दारातच भरून गेलेली असते.

शिवाय "लक्षात आहे" म्हणजे काय, हाही प्रश्न आहे. नंतरच्या प्रयोगांत रंग बदलला का असं विचारण्याऐवजी लोकांना रंगांचं चक्र दिलं आणि पाहिलेला रंग त्यावर बोट ठेवून दाखवायला सांगितला. तेव्हा दिसलं की लक्षात असलेला रंगही नेमका नसतो, आजूबाजूला थोडा पसरलेला असतो. आणि जितके रंग जास्त, तितका तो जास्त पसरतो.

हा पसारा कुणीकडे झुकतो हे मला सगळ्यात उपयोगाचं वाटतं. २०१५ साली गी-योल बे, जोनाथन फ्लॉम्बॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आठवणीतला रंग आपल्या जातीच्या ठळक नमुन्याकडे सरकतो. हिरवटसर निळा पाहिला असेल तर आठवताना तो 'निळा' होऊ लागतो. रामाचं दुखणं हेच आहे. तो निळा आणि हिरवा यांच्या सीमेवर उभा, आणि आठवण त्याला कुठल्या तरी एका बाजूला ढकलते. त्याच्याही आधी, १९६० साली, बार्टलसन यांनी ओळखीच्या वस्तूंचे रंग लोकांना आठवून निवडायला लावले होते. गवत, आकाश, वीट हे रंग प्रत्यक्षापेक्षा जास्त भडक-ताजे आठवले गेले. आमच्या काउंटरवर आठवणीने घेतलेलं कापड परत येतं ते बहुतेक वेळा "जरा भडक झालं" या तक्रारीसह. फिकं झालं म्हणून परत आलेलं मला फारसं आठवत नाही.

मधे जे पाहतो त्याने काय होतं

जुन्या टीव्हीवर कार्यक्रम संपला की मुंग्या यायच्या, आठवत असेल. अख्ख्या पडद्यावर काळे-पांढरे ठिपके सळसळायचे. मानसशास्त्राच्या प्रयोगांत अशाच हलत्या ठिपक्यांचा पडदा वापरतात. त्यात अर्थ नाही, चित्र नाही, रंगही नाही, नुसती सळसळ. केव्हिन डेंट यांनी २०१० साली छापलेल्या प्रयोगात रंग लक्षात ठेवणाऱ्या माणसांसमोर मधल्या वेळात हा पडदा ठेवला तेव्हा त्यांची रंगाची आठवण बिघडली. वस्तू कुठल्या जागी होती ही आठवण मात्र शाबूत राहिली. स्टेशनवरून चालत येताना साडीचा काठ कुठे रुंद होता हे काकूंना पक्कं आठवतं आणि काठाचा रंग मात्र निसटतो, ते उगाच नव्हे.

दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. केइसुके फुकुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली दाखवलं की डोक्यातला रंग समोरच्या रंगाशी ताडून पाहिला की ती तुलनाच आठवणीला समोरच्या रंगाकडे ओढते. समोरचा रंग "जवळपास तोच" वाटला तर जास्तच. नुसत्या दिसून गेलेल्या रंगापेक्षा मुद्दाम ताडलेला रंग जास्त ओढ लावतो. आता काकूंचे पाच तागे पुन्हा आठवा. पहिला तागा पाहून त्या "हाच" म्हणाल्या त्या क्षणी त्यांच्या डोक्यातला रामा त्या ताग्याकडे सरकला. दुसऱ्याशी ताडताना घरच्या साडीचा रंग आधीच थोडा हललेला होता. पाचव्यापर्यंत त्या आमच्याच ताग्यांची एकमेकांशी तुलना करत होत्या, साडी केव्हाच बाजूला पडली होती.

सगळ्यांना हे सारखं भोवत नाही. व्होगेल आणि सहकाऱ्यांनी २००५ साली डोक्यावर तारा लावून मेंदूतले विजेचे संकेत मोजले. लाल पट्ट्या कशा कललेल्या आहेत ते लक्षात ठेवा, निळ्या पट्ट्यांकडे दुर्लक्ष करा, असं सांगितलं होतं. ज्यांना एरवीही कमी गोष्टी लक्षात राहायच्या त्यांच्या डोक्यात निळ्या पट्ट्याही शिरत होत्या. म्हणजे अशा माणसांची अडचण नको ते आत येण्याची होती. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण नको ते समोरून हटवणं आपल्या हातात असतं.

घरी करून बघा: रिळांचा प्रयोग

हे सगळं वाचून पटत नाही, स्वतः चुकल्यावर पटतं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे आणि दोन माणसं लागतात.

मॅचिंग सेंटरमधून शिलाईच्या दोऱ्याची आठ रिळं आणा. एकाच घराण्यातली, हिरव्यापासून निळ्यापर्यंत पायरी-पायरीने जाणारी. दुकानदाराच्या खोक्यात ती बहुधा ओळीनेच लावलेली असतात, त्यामुळे निवडायला सोपं जातं. दोन शेजारची रिळं जवळ धरल्यावर फरक दिसला पाहिजे, पण लांबून पटकन ओळखू येता कामा नये. बुडाला पेनाने १ ते ८ आकडे टाका. दुपारी खिडकीशी बसा, ऊन थेट अंगावर येणार नाही अशा जागी. खाली राखाडी कागद किंवा जुन्या फाइलचा राखाडी पुठ्ठा घाला. डिझाइनची चादर चालणार नाही.

एकाने दाखवायचं, दुसऱ्याने ओळखायचं. एक रिळ तीन सेकंद दाखवा, मग पिशवीत टाका. दहा सेकंद थांबा. मग आठही रिळं उलटसुलट क्रमाने मांडा आणि ओळखणाऱ्याला एक उचलायला सांगा. क्रमाने मांडलीत तर "मधलं होतं" एवढ्या आठवणीवरही काम भागतं, म्हणून दर वेळी मांडणी मोडायची. दाखवायला फक्त ३, ४, ५, ६ ही रिळं घ्या. टोकाचं रिळ दाखवलं तर चूक एकाच बाजूला होऊ शकते आणि हिशेब बिघडतो.

सगळी मेख त्या दहा सेकंदांत आहे. ते तीन प्रकारे घालवायचे. पहिल्या प्रकारात डोळे मिटून बसायचं. दुसऱ्यात मोबाइलवर टीव्हीच्या मुंग्यांचा व्हिडिओ आवाज बंद करून बघायचा; असे व्हिडिओ सहज सापडतात. तिसऱ्यात दाखवणाऱ्याने शेजारच्या छटांची तीन रिळं एकामागून एक समोर धरायची आणि ओळखणाऱ्याने दर वेळी "तेच" की "वेगळं" ते सांगायचं. प्रत्येक प्रकाराच्या बारा फेऱ्या. कुठली फेरी केव्हा हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर शेवटी शेवटी आलेला कंटाळा एकाच प्रकाराच्या माथी बसतो.

एक अट पाळायची. रंग दाखवल्यापासून उचलेपर्यंत ओळखणाऱ्याने तोंडाने "एक-दोन, एक-दोन" म्हणत राहायचं. मधे फक्त "तेच-वेगळं" सांगण्यापुरतं थांबायचं. नाहीतर तो मनातल्या मनात "मोरपंखी, मोरपंखी" घोकणार, आणि मग आपण नजरेची आठवण न मोजता शब्दाची आठवण मोजू.

वहीत तीन रकाने करा: दाखवलेलं रिळ, उचललेलं रिळ, आणि तिसऱ्या प्रकारात मधे दाखवलेली रिळं. चूक म्हणजे दोन आकड्यांतला फरक. प्रत्येक प्रकाराची सरासरी काढा. त्याहून मजेचं काम पुढे आहे. तिसऱ्या प्रकारातल्या चुका एकेक करून बघा आणि उचललेलं रिळ मधे दाखवलेल्यांकडे सरकलंय का ते तपासा. आमच्याकडे माझ्या भाचीने हे केलं. डोळे मिटल्यावर ती क्वचित चुकली. मुंग्यांनंतर चुका इकडे-तिकडे विखुरल्या. शेजारची रिळं बघितल्यावर मात्र तिच्या चुका एकाच दिशेने जायला लागल्या, आणि त्या वेळी तिला आपण बरोबरच आहोत असं ठाम वाटत होतं. चुकीबरोबर येणारा हा ठामपणा वहीत चौथ्या रकान्यात टिपून ठेवा. "खात्री आहे" की "अंदाज" एवढंच लिहायचं.

मग अट काढून टाका आणि पुन्हा बारा फेऱ्या करा, या वेळी रंगाला मोठ्याने नाव देऊन. फरक दिसेल. तो का पडतो ते पुढे येतंच.

घरून निघण्याआधी

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे आठवणीवर काम टाकायचंच नाही. साडी न्या. पैठणी किंवा भरजरी साडी स्टेशनच्या गर्दीतून न्यायची छाती होत नसेल तर तिची कातरण न्या. कातरण नसेल तर पदराच्या गोंड्यातला एखादा सुटा धागा पांढऱ्या कार्डावर पाच-सहा वेढे गुंडाळून न्या. एकेरी धागा रंग दाखवत नाही, वेढे शेजारी शेजारी बसले की दाखवतो.

धूपछाव साडीला हा उपाय अर्धाच पुरतो. तिच्यात उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतात. इकडून धरली तर जांभळी, तिकडून धरली तर मोरपंखी. एक धागा नेलात तर अर्धी साडी घरीच राहिली. दोन्ही रंगांचे धागे वेगवेगळे गुंडाळा, आणि साडी अंगावर नेसल्यावर जो रंग वर दिसतो त्या धाग्यावर पेनाने खूण करा.

काहीच नेता येत नसेल तर मग आठवणीची तयारी. एका फेरीत एकच रंग ठरवा. ब्लाउज साडीच्या काठाच्या रंगाचा घ्यायचा की अंगाच्या, हा निर्णय घरी आरशासमोर व्हायला हवा. दुकानात तो घ्यायला गेलात की दोन रंग एकदम डोक्यात धरावे लागतात.

रंगाला नाव द्या, आणि नुसतं नाव देऊन थांबू नका. २०१७ साली अलेसांद्रा सूझा आणि झुझाना स्कोरा यांच्या प्रयोगात रंग पाहताना त्याचं नाव मोठ्याने उच्चारणाऱ्यांना तो निरर्थक अक्षरं पुटपुटणाऱ्यांपेक्षा चांगला आठवला. आपल्या मराठीत तर रंगांच्या नावांची रेलचेल आहे. आमसुली, डाळिंबी, अंजिरी, अबोली, गुलबक्षी, चिंतामणी, शेवाळी, मेंदी, पोपटी, पिस्ता, बदामी, मोतिया, वांगी. बहुतेक नावांमागे एक वस्तू आहे आणि ती वस्तू आपण हातात घेऊन पाहिलेली आहे. म्हणून 'लाल' म्हणण्यापेक्षा 'डाळिंबी' म्हणणं रंगाला जास्त घट्ट धरून ठेवतं. तरी नाव दिलं की रंग त्या नावाच्या ठळक नमुन्याकडे सरकण्याची भीती राहतेच. त्यासाठी नावाला दिशा जोडा. "रामा, पण निळ्यावर जाणारा, अंगाने फिका." कारखान्यात आम्ही याच भाषेत बोलायचो: लाल जातोय, पिवळ्यावर जातोय, डेप्थ कमी आहे. रंग कुठला, कुठल्या बाजूला झुकतो, किती गडद आणि किती मळकट, हे चार शब्द कागदावर लिहा. मोबाइलमध्ये लिहायला गेलात तर त्याचा चमकता पडदा पहिल्या मिनिटातच समोर येतो.

आता माझी सगळ्यात आवडती युक्ती. अंगावरची किंवा पर्समधली एखादी वस्तू साडीजवळ धरा आणि दोघांतला फरक लिहा. "हातातल्या हिरव्या बांगडीपेक्षा निळसर, आणि एक पायरी गडद." बांगडी तुमच्याबरोबर दुकानात येणार आहे. वाटेत कितीही पाट्या, दिवे, तागे पाहिलेत तरी बांगडीचा रंग बदलत नाही. डोक्यात साठवायचा उरतो तो फक्त फरक, आणि तो शब्दांत लिहिलेला आहे.

वाटेत

ठाणे स्टेशनवरून बाहेर पडून गोखले रोडने यायचं म्हणजे दिवेलागणीनंतर डोळ्यांवर रंगांचा माराच असतो. एलईडीच्या पाट्या, ड्रेसची दुकानं, फुलवाले, रिक्षांचे दिवे. यातून डोळे मिटून कुणी चालत नाही आणि चालूही नये. वाटेत नजरेची आठवण टिकणार नाही असं धरूनच चला आणि काम कागदावर आणि बांगडीवर सोपवा. जमलं तर सकाळी अकराच्या सुमाराला या. पाट्या बंद असतात, गर्दी कमी असते, आणि दुकानाच्या दारात खरा उजेड मिळतो.

काउंटरवर

माझा मुख्य सल्ला इथे आहे आणि तो दुकानदाराच्या सवयीच्या उलट जातो. तागे निघण्याआधी तुम्ही बोला. दुकानात शिरताच भिंतभर रचलेल्या ताग्यांकडे नजर फिरवण्याचा मोह होतो, तो टाळा. कागद काढा, वाचा. "ताई, रामा हवाय, निळ्यावर जाणारा, फिकट अंगाचा. दोनच काढा, सगळे नको." काढणाऱ्याचा हातही थांबतो, आणि बरेचदा अनुभवी माणूस पहिल्या दोनांतच नेमका तागा काढून देतो.

तागा समोर येईपर्यंत बाकीच्या कापडांकडे बघू नका. दोन सेकंद डोळे मिटा आणि साडी आठवा. लाजायचं कारण नाही. विचार करताना माणूस आपसूक नजर वळवतो, आणि डोळे मिटल्यावर अवघड प्रश्नांची उत्तरं जास्त बरोबर येतात, हे आर्थर ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रयोगाने दाखवलेलं आहे.

तागा समोर आला की पहिल्या नजरेत जे वाटतं ते लगेच तोंडाने बोला. "हिरवा जास्त." "मळकट आहे." ते पहिलं मत स्वच्छ असतं, त्यानंतर तुलनेची ओढ सुरू होते. एका वेळी दोनच तागे समोर असू द्या. तिसरा आला की नको असलेला आत जाऊ द्या, अगदी काउंटरच्या खाली. दोनांतून एक, मग तो एक आणि नवा एक. आणि दर वेळी तागा ताडायचा तो बांगडीशी आणि कागदावरच्या शब्दांशी. आधीच्या ताग्याशी ताडत बसलात की काकूंसारखं होतं.

राणी किंवा कुंकवी लाल अशा भडक रंगाकडे बराच वेळ पाहिलं असेल तर लगेच दुसरा रंग ठरवू नका. लाल कापडाकडे अर्धा मिनिट टक लावून मग पांढऱ्या अस्तराकडे बघा, हिरवट-निळी सावली तरंगताना दिसेल. ती सावली पुढच्या प्रत्येक ताग्यावर पडते. राखाडी किंवा पांढऱ्या कापडाकडे थोडा वेळ बघा, सावली विरली की पुढे चला.

शेजारचा रंगही फसवतो. पॅरिसच्या गोबेलां विणकामखान्यात मिशेल शेव्हरल १८२४ पासून रंगाई विभागाचे प्रमुख होते. तिथल्या काळ्या लोकरीत दम नाही अशी तक्रार होती. त्यांनी तपासलं तर काळा रंग ठीक होता, शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका दिसत होता. त्यातूनच त्यांचा १८३९ चा ग्रंथ उभा राहिला. म्हणून काउंटरवर हिरव्या ढिगावर ठेवून हिरवा ठरवू नका. ढीग बाजूला सारायला सांगा, रुमाल पसरा, त्यावर कापड ठेवा.

ताग्यावर घड्या घातलेलं टू बाय टू नेहमी गडद दिसतं. एक पदर सोडवून अस्तरावर धरा, अंगावर तो तसाच दिसणार आहे. साडीची कातरण आणली असेल तर दोन्ही कापडं कडेला कड लावून, एकाच दिशेने, एकाच कोनातून बघा. मधे बोटभरसुद्धा अंतर राहिलं की डोळा एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो, आणि त्या उडीपुरती पुन्हा आठवणच लागते.

मैत्रिणीशी गप्पा मारत निवडणं छान वाटतं. पण बोलताना मनातलं घोकणं थांबतं, म्हणून ठरवण्याची दोन मिनिटं गप्प. पैसे देताना हवं तेवढं बोला.

उजेड आणि मोबाइल

दुकानातल्या दिव्याखाली जुळलेले दोन रंग दारात न्या. दोन कापडं वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली असतील तर एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. रेशमी साडी आणि सुती ब्लाउजपीस ही जोडी त्यासाठी बदनाम आहे. पिवळ्या दिव्याखाली गडद निळा आणि काळा वेगळे करणं तर भल्याभल्यांना जमत नाही.

मोबाइलमधला साडीचा फोटो बरोबर असावा, पण त्यावर रंग ठरवू नका. कॅमेरा उजेडाप्रमाणे रंग आपोआप सुधारतो, आणि पडदा रात्रीच्या मोडमध्ये पिवळा होतो. त्याहून मोठा तोटा वेगळाच आहे. फोटोतला चुकीचा रामा तुम्ही कापडाशी ताडता आणि डोक्यातला उरलासुरला खरा रामाही तिकडे ओढला जातो. फोटो काढायचाच तर साडीवर ती बांगडी ठेवून काढा. दुकानात फोटोतली बांगडी आणि हातातली बांगडी यांत जो फरक दिसेल, साधारण तेवढाच फोटो साडीबद्दलही खोटं बोलतोय.

घरातल्या वयस्कर बाईंबरोबर असाल तर एक जाणीव ठेवा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, आणि निळ्याच्या जवळच्या छटा वेगळ्या करणं जड जातं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर "सगळं निळं-निळं दिसतंय" असं सांगणाऱ्या कितीतरी जणी आमच्याकडे येतात. त्यांच्या जुन्या साड्यांचा रंग त्यांना जसा आठवतो तसा तो आता त्यांना दिसत नाही. त्यांच्यासाठी कातरणीला पर्याय नाही.

दुकानदार आणि टेलर ताई-दादांसाठी

आमच्या काउंटरवर मी वहिनीकडून दोन बदल करून घेतले. काचेवर राखाडी रबरी मॅट टाकली, आणि ग्राहकाच्या समोर येणारा टीव्ही त्यांच्या पाठीकडे हलवला. तिसरा बदल अजून जमलेला नाही. गर्दीच्या वेळी तागे पटापटा उलगडायची वहिनीची सवय मोडत नाही. "चार दाखवले की एक तरी घेतात," ती म्हणते. घेतात, हे खरंच. पण बदलायला आलेल्यांची वही मी ठेवते, आणि तिच्यात आठवणीवर घेतलेलेच जास्त आहेत.

टेलरकडे कापड टाकताना ब्लाउजपीसचा बोटभर तुकडा कापून घ्या, कार्डावर स्टेपल करा, शेजारी साडीचा धागा गुंडाळा आणि खाली रंगाचे चार शब्द लिहा. फॉल, हुकपट्टीचा दोरा, पेटीकोट, सगळं पुढे त्या कार्डावरूनच घेता येतं. त्या काकूंनी आता असं पाकीटच केलंय. परवा आल्या तेव्हा त्यांनी कार्ड काउंटरवर ठेवलं, वहिनीचा हात दुसऱ्या ताग्याकडे जायच्या आत तो धरला, आणि म्हणाल्या, "एकच काढ गं. मी सांगते हो का नाही ते."